नकाशातलं खैरडोह

रूपराव झाडे सर्वे खात्यात लागला तेव्हा त्याला आपलं म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं. आई तो शाळेत असतानाच गेली होती, आणि वडीलही तिच्यामागे फार दिवस राहिले नाहीत. सिंदी मेघे गावच्या काकांनी त्याला मॅट्रिकपर्यंत वाढवलं. नोकरीचा हुकूम आला त्या सकाळी काकूंनी त्याच्या हातावर दही घातलं, आणि घालता घालता त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा जो भाव आला तो त्याला दिसला. त्याने तो मनाला लावून घेतला नाही. घर लहान होतं, पोरं पुष्कळ होती, आणि काकूंनी त्याला कधी उपाशी ठेवलं नव्हतं. पण त्यानंतर सुट्टीत सिंदी मेघेला जाताना तो पिशवीत एकच जोडी कपडे टाकायचा.

नकाशा करणाऱ्याच्या नोकरीला असा सुटा माणूस बरा पडतो. पावसाळा सरला की तंबू, हाताखालचे खलाशी, झेंडे घेऊन निघायचं, कुठल्या तरी परक्या मुलखात टेकड्या-नाले मोजत हिंडायचं, आणि उन्हं तापली की नागपूरच्या ऑफिसात येऊन तीच जमीन शाईने कागदावर गिरवत बसायचं. रूपरावाचा हात चांगला होता. रेषा बारीक यायची, थरथरायची नाही. साहेब लोक खूश असत.

एकाहत्तरच्या दिवाळीनंतर त्याला पहिल्यांदा आपल्याच जिल्ह्यातलं काम मिळालं. समुद्रपूरच्या पलीकडे धावंडी नावाची नदी वाहते, तिचं खोरं. नदी तशी लहान. दोन्ही अंगाला काळी जमीन, त्यात कपाशीची पऱ्हाटी आणि तूर, मधूनमधून पळसाचं रान, आणि नदीच्या वळणावळणावर बसलेली छोटी गावं. खैरडोह हे त्यातलंच एक.

काम अर्ध्यावर आलं होतं तेव्हा त्याला हिवताप भरला. टेकडीवर तीन पायांच्या तिकाटण्यावर मांडलेल्या नकाशाच्या पाटाशी उभा असताना त्याचे दात वाजू लागले, आणि हातातली पेन्सिल कागदावर भलतीकडेच गेली. लहानू नावाचा त्याचा खलाशी वयाने त्याच्याहून मोठा, समजदार माणूस. त्याने धावत जाऊन खैरडोहातून बैलगाडी आणली. गाडी नत्थूजींची होती. नत्थूजींनी रूपरावाच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "याले आता तंबूत कायले ठेवता? आमच्या छपरीत टाका."

असा तो त्या घरात आला. छपरीत एका बाजूला कापसाचा ढीग होता, दुसऱ्या बाजूला बाज टाकली. समुद्रपूरहून डॉक्टर येऊन सुई टोचून गेला. बाकीचं सारं नत्थूजींच्या बायकोने, यशोदाबाईंनी पाहिलं. ताप उतरला की अंगातून पाणी निघायचं, तेव्हा त्या कोरडी गोधडी आणून टाकत. आंबिलाचा गडू घेऊन उशाशी बसत.

"उठा साहेब, दोन घोट घ्या."

"नको."

"नको म्हन्याले अंगात ताकद हाय, अन प्याले नाई?"

दोन-तीन दिवसांत साहेबाचा बापू झाला. तोही त्यांना मावशी म्हणू लागला. तापाच्या भरात एकदा त्याने आईला हाक मारली. शुद्धीवर आल्यावर त्याला ते आठवलं आणि लाज वाटली. यशोदाबाई आंगणात बसून तूर पाखडत होत्या. सुपाचा आवाज, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, नत्थूजींचं खोकणं, हे सगळं ऐकत तो पडून राहायचा आणि बरं होण्याची त्याला घाई वाटायची नाही.

हिंडण्याइतकी ताकद आली नव्हती तेव्हा लहानूने पाट आंगणातच आणून मांडला. यशोदाबाई हात पुसत येऊन वाकून पाहू लागल्या.

"हे काय, आंगठ्याचे ठसे उमटवले का कागदावर?"

"टेकडी आहे मावशी. समजा, पाणी या टेकडीच्या कमरेइतकं चढलं, तर काठ जिथं लागेल तिथून ही रेषा. आणखी चढलं की ही वरची."

"अन आमचं घर?"

"घर निराळं दिसत नाही. सारं गाव मिळून एवढा लाल पुंजका."

"मंग कोनाचं घर कोनतं हे कसं समजन?"

 त्याने विषय बदलून नाल्यांची, डोहांची नावं विचारली. त्या हसत हसत सांगत गेल्या. बाया धुणं धुतात तो बाईचा डोह. पलीकडची ती जोगियाची टेकडी. आणि जिथं नदीत पाणी गुडघ्याइतकं असतं, जिथून लग्नाची वरात गावात येते, तो सुनेचा उतार. "मीबी तिथूनच आली," त्या म्हणाल्या. "बैलं बुजाडले, अन गाडी आडवी होता होता राह्यली. नत्थूजीची माय काठावरून वरडून राह्यली, सुनेले पाहा, सुनेले पाहा. अन मी लुगडं वर खोचून चालतच बाहेर आली."

पाटलाला विचारून त्याने नावांची खात्री केली आणि ती नकाशात घातली.

निघताना यशोदाबाईंनी फडक्यात लाह्या आणि गूळ बांधून दिला. "येजो बापू," त्या म्हणाल्या. त्या खोऱ्यात कुणीही दारातून निघालं की त्याला येजो, पुन्हा ये, असं म्हणतात. रूपराव स्वतः वर्ध्याकडचा, त्याला हे ठाऊक होतं. तरी त्याने तो शब्द फडक्यातल्या गुळासारखा बरोबर नेला.

पुढची बारा-तेरा वर्षं त्याची बाहेरच गेली. बस्तर झालं, आसाम झालं, राजस्थानची वाळू झाली. खैरडोहाला त्याने एकदा पोस्टकार्ड टाकलं होतं. उत्तर आलं नाही. त्या घरात लिहिता येणारं कुणी नव्हतं, म्हणून त्याने वाटही फार पाहिली नाही. छापून आलेला नकाशा मात्र त्याने एक विकत घेतला आणि नागपुरात महाल भागातल्या आपल्या भाड्याच्या खोलीत भिंतीला लावला. शेजारचे कारकून देवादिकांची कॅलेंडरं लावायचे. याच्या भिंतीवर तपकिरी रेषांचं खोरं, त्यातून जाणारी निळी नदी आणि वळणावर लाल पुंजका.

ऑफिसातून आलं की चहा टाकायचा आणि कप घेऊन नकाशासमोर बसायचं. बसता बसता त्याला सवय लागली ती मावशींशी बोलण्याची. तोंडाने नव्हे, मनातल्या मनात. नवीन स्वेटर घ्यावा का, साहेबाला उलट बोललो ते बरं केलं का. त्या मनातच उत्तर द्यायच्या, आणि बहुतेक वेळा रागवायच्या. काकांनी एक-दोन स्थळं आणली होती. एका मुलीला तो पाहायलाही गेला. तिने विचारलं, तुम्ही घरी किती महिने असता? त्याने खरं तेच सांगितलं, आणि पुढे काही झालं नाही. मग स्थळं येणं थांबलं. मावशी असत्या तर त्यांनी जमवून आणलं असतं, असं त्याला वाटायचं. चाळिशी आली. दिवाळीला काकांकडे जाणंही सुटलं. आपलं माणूस म्हणून कुणाचं नाव सांग, असं कुणी म्हटलं असतं, तर त्याच्या ओठावर खैरडोहच आलं असतं.

चौऱ्याऐंशी साली धावंडीच्या नकाशाची दुरुस्ती निघाली. नवे रस्ते, नवे कालवे, वाढलेली वस्ती हे सारं पाहून जुना नकाशा सुधारायचा होता. रूपरावाने ते काम मागून घेतलं. वर्ध्याला खरेदी केली, पण स्वतःसाठी नव्हे. लाल काठाची उबदार शाल घेतली मावशींना, आणि नत्थूजींना मफलर. समुद्रपूरला एस.टी. बदलली. लहानू बरोबर होता. तोही आता निवृत्तीला टेकला होता.

"खैरडोह दोन," रूपराव कंडक्टरला म्हणाला.

"नव्या खैरडोहाचंच तिकीट फाटते साहेब. जुन्याले बस नाई जात."

"नवं म्हणजे?"

"पुरानंतर उठवलं ना गाव. माळावर बसवलं, सडकीजवळ. पाच-सहा वर्षं झाली असन."

रूपरावाने तिकिटं घेतली. खिडकीतून त्याने बाहेर पाहिलं. सडकेवर उतरल्यावर त्याने लहानूला सामान घेऊन वस्तीत पाठवलं आणि स्वतः नदीच्या वाटेने चालू लागला. नकाशा पाहायची गरज नव्हती.

गाव नव्हतं. जोती तेवढी उरली होती, त्यांवर गवत वाढलेलं. भिंतींची माती ढासळून ढिगारे झाले होते, आणि ढिगाऱ्यांतून बाभळी उठल्या होत्या. विहिरीच्या कडेला पिंपळ फुटला होता. नत्थूजींचं घर कुठलं हे त्याला ओळखता येईना. छपरीतून चिंच दिसायची एवढं त्याला आठवत होतं, पण चिंचाही दोन होत्या. तो एका जोत्यावर उभा राहिला, मग दुसऱ्यावर.

खाली बकऱ्या चारणारा एक माणूस त्याच्याकडे पाहत होता. त्याचं नाव चिंधू. "काय पाहून राह्यले साहेब? मालमसाला काई उरला नाई इथं. दारं-खिडक्या सारं लोकायनं नेलं."

"माणसं?"

"मानसं वाचली. ढोरं गेली बहुत. गावात पानी आलं तवा दिवस होता म्हनून बरं."

"नत्थूजी?"

"ते तर मंग वारले. नव्या घरात एकच साल काढलं त्यायनं. बुढी हाय."

नवं खैरडोह माळावर होतं. सिमेंटच्या विटांची, टिनाच्या छपरांची सारखी घरं, एका ओळीत, सगळ्यांची तोंडं सडकेकडे. झाडं लावलेली होती, पण कमरेइतकीच. यशोदाबाई ओट्यावर बसून तूर निवडत होत्या. केस पांढरे झाले होते, पण नजर चांगली होती. त्यांनी त्याच्याकडे नीट, बराच वेळ पाहिलं.

"कोन जी?"

त्याने पिशवी खाली ठेवली. "मी रूपराव, मावशी."

"कोन रूपराव?"

"नकाशावाला. ताप आला होता मला. तुमच्या छपरीत होतो."

त्या आठवू लागल्या. त्याला दिसत होतं की त्या मनापासून आठवत आहेत, आणि ते पाहणंच त्याला जड जात होतं. मग त्यांचा चेहरा उजळला. "हो, हो! मलेरियाच्या गोळ्या वाटाले येत होते ते! भिंतीवर तारीख लिवून जात होते."

"नाही, मी..." तो थांबला.

"आमच्या छपरीत लय जन बिमार पडले बाप्पा," त्या सांगू लागल्या. "नदीकाठचं पहिलं घर आमचं. देवी टोचनारे, पोतराज, कापसाचे व्यापारी, जो येईन तो आमच्याच छपरीत. एक तर माहूरले जानारा बुवा होता, दीड महिना उठला नाई. नत्थूजी म्हनत, आपलं घर नोहे, दवाखाना हाय." त्या हसल्या. "बसा ना भाऊ. मलेरियाचे ना तुमी?"

"हो," रूपराव म्हणाला. "मलेरियाचाच."

त्याने शाल काढून त्यांच्या पुढे ठेवली. सरकारी वाटप समजून त्यांनी विचारलं, सर्वायले भेटून राह्यली का? तो म्हणाला, म्हाताऱ्या माणसांना फक्त. मफलर त्याने पिशवीतून काढलाच नाही.

चहा झाला. तो उठणार होता, पण त्या बोलत राहिल्या. मुलगा हिंगणघाटच्या मिलमध्ये लागला होता आणि बायको-पोरांना घेऊन गेला होता. त्या हिंगणघाटला राहून आल्या, पण खोलीत जीव लागला नाही. इथे घर पक्कं होतं, वीज होती, बस दारावरून जायची. "बस येते, थांबते, निघून जाते. कोनी उतरून म्हनत नाई का बाई, पानी पाज. छपरीच नाई ना घराले. मानूस बसन कुठी?"

मग त्यांचं लक्ष त्याच्या बगलेतल्या नकाशाच्या नळीकडे गेलं. त्याने नकाशा उलगडून ओट्यावर पसरला आणि नावं वाचून दाखवली. बाईचा डोह. जोगियाची टेकडी. सुनेचा उतार.

यशोदाबाईंचा तुरीतला हात थांबला. "हे सारं छापलं हाय?"

"हो."

"तुमाले कोनं सांगतलं?"

"गावातल्याच एका बाईंनी."

त्या कागदाकडे पाहत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "मी पूर आला तवाची तिकडं गेलीच नाई. कोसभर तर हाय. पन एकटीनं कायले जा? अन कोनाले म्हनू, का मले घेऊन चाल?"

"मी नेतो," रूपराव म्हणाला. "उद्या सकाळी मला तिकडंच काम आहे."

सकाळी ते दोघं निघाले. त्या नवी शाल पांघरून होत्या. उतारावर त्याने हात पुढे केला आणि त्यांनी तो धरला, सहज, कुणाचाही धरावा तसा. जुन्या गावाच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी हात सोडला.

त्यांना ओळखायला वेळ लागला नाही. एकेका जोत्यापाशी त्या थांबत आणि घरधन्याचं नाव घेत. हे देवकाबाईचं, हिचा नवरा गाणं म्हनायचा. हे तानबाचं. इथं चूल होती. मग त्या एका जोत्यावर चढल्या, जिथं रूपराव आदल्या दिवशी उभाही राहिला नव्हता, आणि बसल्या. "अवं, किती गवत माजवलं," त्या म्हणाल्या. ते रूपरावाला नव्हतं. त्या नत्थूजींशी बोलू लागल्या होत्या. पोरगा पैसे धाडतो पण येत नाही, सून बरी आहे, टिनाचं छप्पर उन्हाळ्यात जाळते, तुमी मले तिथं एकटीले टाकून गेले. बोलता बोलता त्यांनी गवत उपटायला सुरुवात केली.

रूपराव चिंचेखाली उभा होता. बारा वर्षं तो या बाईशी मनात बोलत होता, तसंच त्या आता बोलत होत्या, आणि त्यांच्या बोलण्यात तो कुठे नव्हता. असण्याचं कारणही नव्हतं. त्याला राग आला नाही. फक्त ताप उतरल्यावर वाटतं तसं रितं वाटलं. थोडा वेळ त्याने कागद काढून काम करायचा प्रयत्न केला. मग कागद गुंडाळून तो जोत्यावर गेला आणि त्यांच्या शेजारी बसून गवत उपटू लागला.

उन्हं चढल्यावर त्या उठल्या. परतताना अर्ध्या वाटेत त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी कोन कोन हाय भाऊ?"

"कोणी नाही."

"बायको?"

"नाही."

त्या चालायच्या थांबल्या. "असं कसं? जेवाले कोन घालते?"

"मीच करतो."

"काय करता?"

"वरण-भात. कधी खिचडी."

"रोज?"

"बहुतेक."

 दुपारी यशोदाबाईंनी ज्वारीच्या भाकरी केल्या, अंबाडीची भाजी केली, लहानूलाही बोलावून घेतलं. रूपराव नको म्हणेपर्यंत त्या वाढत राहिल्या. संध्याकाळच्या बसने तो पुढच्या गावाला निघाला तेव्हा त्या ओट्यावरून म्हणाल्या, "येजो."

त्या उन्हाळ्यात नागपूरला बसून त्याने नकाशा पुरा केला. नदीच्या वळणावरचा लाल पुंजका नियमाप्रमाणे काढून टाकला आणि तिथे बारीक अक्षरात 'ओसाड' असं लिहिलं. माळावर घरांची सरळ ओळ काढली आणि गावाचं नाव तिथे नेलं. उताराचं, डोहाचं, टेकडीचं नाव होतं तिथेच ठेवलं. खोलीच्या भिंतीवरचा जुना नकाशा कडांना फाटला होता. तो त्याने उतरवून ठेवला. नवा लावला नाही. काही दिवस तो चहाचा कप घेऊन कोऱ्या भिंतीसमोर बसला आणि मग खुर्ची खिडकीकडे वळवली. मनातलं बोलणं बंद झालं होतं. ज्या मावशींशी तो बोलायचा त्या कुणी वेगळ्याच होत्या, आणि माळावरच्या खऱ्या यशोदाबाईंशी असं परभारे बोलणं त्याला बरं वाटेना.

पुढच्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास त्याने चार दिवसांची रजा टाकली. काम काही नव्हतं. वर्ध्याला उतरला, समुद्रपूरला बस बदलली आणि दुपारी नव्या खैरडोहाला उतरला. यशोदाबाईंच्या दाराला कुलूप होतं. बस निघून गेली आणि तो सडकेवर पिशवी घेऊन उभा राहिला.

शेजारच्या ओट्यावरून एका बाईने विचारलं. तिचं नाव सुलोचनाबाई. "कोन पाह्यजे?"

"यशोदाबाई."

"हिंगनघाटले गेली. सुनेचं बाळंतपन हाय. येईन आठवड्याभरात." तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमी कोन म्हनायचे?"

रूपरावाने तोंड उघडलं. सर्वेवाला म्हणता आलं असतं, मलेरियाचा म्हणता आलं असतं. 

"मी त्यांच्याकडचा," तो म्हणाला.

"मंग असे सडकीवर काऊन उभे? या, सावलीत बसा." तिने ओट्यावर सतरंजी टाकली आणि आतून पाण्याचा गडू आणला. परतीची बस संध्याकाळी होती. जेवले का, असं तिने विचारलं. हो, असं तो आधी म्हणाला. मग म्हणाला, नाही.